चारा पोचवणारी रिमोटची होडी: पहिल्यांदाच बांधणाऱ्यांसाठी

काठावरून मुठीने चारा फेकला तर तो फार तर पंधरा-वीस मीटरवर पडतो. मासे मात्र त्याच्या पलीकडे, लव्हाळ्याच्या कडेला बुडबुडे सोडत असतात. गळ तिथवर फेकता येतो, पण भोवती चारा नसेल तर मासा तिथे रेंगाळत नाही. त्यासाठीच रिमोटवर चालणारी ही छोटी होडी. पोटात चारा, सोबत गळ आणि शिसं घेऊन ती जागेवर जाते, तळाचं झाकण उघडते आणि रिकामी होऊन परत येते. 'बेट बोट' या नावाने ती ओळखली जाते. मी इथे तिला चाराहोडी म्हणणार आहे.

पहिली होडी बांधताना बहुतेकांच्या डोक्यात वेग आणि अंतर असतं. माझ्याही होतं. एकच मोटर, एकच पंखा, मागे सुकाणू, आणि मोटरचा दांडा तळाजवळच्या भोकातून बाहेर काढलेला. ऐंशीएक मीटरवर पंख्यात पाणवेल गुंतली आणि मोटर अडकली. वारा माझ्या पाठीकडून होता, त्यामुळे होडी हळूहळू समोरच्या काठाकडे सरकत गेली आणि लव्हाळ्यात शिरली. वळसा घालून मी तिथे पोचलो तेव्हा ती एका कुशीवर कलली होती. झाकण उघडलं तर आत ओंजळभर पाणी, आणि दांड्याच्या नळीतलं ग्रीस पाण्यात घुसळून दुधासारखं पांढरं झालेलं.

त्या दिवसापासून होडीच्या प्रत्येक भागापुढे मी एकच प्रश्न ठेवतो: हे ऐन पाण्यात बिघडलं, तर होडी परत कशी येईल? पुढचा सगळा आराखडा याच प्रश्नातून आला आहे. ही होडी वेगवान नाही आणि देखणीही नाही. पण घरातल्या साध्या हत्यारांनी ती बांधता येते आणि ती परत येते.

सांगाडा: दोन नळ्या, वर फळी

नवख्याने एका सांगाड्याच्या होडीच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ती गोलाईत घडवावी लागते, फायबरचं काम करावं लागतं आणि चारा एका बाजूला सरकला की ती कलते. दोन नळ्यांची जोडहोडी रुंद बसते, सहजी उलटत नाही आणि मधल्या मोकळ्या जागेतून चारा सरळ खाली सोडता येतो.

सांडपाण्याची ११० मिलिमीटर व्यासाची पीव्हीसी नळी घ्या. हिशोब आधी कागदावर करा, कारण नळ्या चिकटवल्यानंतर त्यांची लांबी वाढवता येत नाही. या नळीचा एक मीटरचा तुकडा पूर्ण बुडाला तर सुमारे साडेनऊ लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे साडेनऊ किलो वजन पेलतो. ८० सेंटिमीटरच्या दोन नळ्या मिळून १५ लिटरच्या आसपास होतात. नळी अर्ध्यावर बुडलेली असावी, म्हणजे लाट आली किंवा चारा जास्त झाला तरी तितकीच उचल शिल्लक राहते. याचा अर्थ होडीचं भरलेलं वजन साडेसात किलोच्या आत बसवायचं. नळ्या आणि टोकं मिळून तीनेक किलो, बॅटरी एक किलो, फळी, मोटरी आणि पेटी दोन किलो, चारा दीड किलो. बरोबर बसतं. हलकी लिथियम बॅटरी न घेता शिसाची १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची घेतलीत तर एकट्या तिचंच वजन दोन किलोच्या वर जातं. मग नळी सरळ एक मीटरची घ्या.

मागच्या टोकाला सपाट टोपी बसवा. पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेला, ४५ अंशांचा बेंड वरच्या दिशेने लावून त्यावर टोपी घाला. सपाट टोक पाणी ढकलत बसतं, वर वळलेलं टोक लाटेवर चढतं.

चिकटवताना एक बारीक गोष्ट फार महत्त्वाची आहे, आणि ती कुणी सांगत नाही. पहिली टोपी निमूट बसते. दुसरी दाबताना मात्र नळीत कोंडलेली हवा दाबली जाते आणि बाहेर पडायला वाट शोधते. ती ओल्या सोल्युशनमधून, म्हणजे पीव्हीसी चिकटवायच्या गोंदातून, एक बुडबुडा काढून निसटते. वरून काही दिसत नाही, पण तिथे केसाएवढी वाट राहते आणि तासाभरात नळीत पाणी खळखळायला लागतं. त्यामुळे दुसरी टोपी बसवण्याआधी नळीच्या वरच्या अंगाला, पाण्याच्या रेषेपासून दूर, दीड-दोन मिलिमीटरचं भोक पाडा. हवा तिथून निघून जाईल. सोल्युशन पूर्ण २४ तास वाळू द्या आणि मग ते भोक इपॉक्सीने बुजवा. चिकटवायच्या दोन्ही पृष्ठभागांना आधी सँडपेपर मारायला विसरू नका.

टोप्या लावायच्या आधी नळीत बूच घट्ट लावलेल्या रिकाम्या छोट्या प्लॅस्टिकच्या बाटल्या ओळीने सरकवा. नळी फुटली, तडकली, पाणी भरलं, तरी बाटल्यांतली हवा होडीला वर धरून ठेवते. थर्माकोलचे तुकडे कोंबू नका. पीव्हीसीचं सोल्युशन आणि त्याची वाफ थर्माकोल विरघळवतात.

दोन नळ्यांच्या मध्यरेषांत साधारण ३० सेंटिमीटर अंतर ठेवून वर फळी बसवा. प्लायवूड असेल तर त्याच्या कडांनाही इपॉक्सी लावा, पाणी कडेतूनच शिरतं. जाड प्लॅस्टिकची शीट असेल तर हे कष्टही नाहीत. फळी नळीला स्क्रूने जोडायची नाही. नळीला वेढणारे क्लॅम्प वापरा. हवाबंद नळीला आपण होऊन भोक पाडायचं कारण नाही.

मोटर: पाण्याखाली एकही भोक नको

पारंपरिक पद्धतीत मोटर होडीच्या आत असते, आणि लांब दांडा ग्रीस भरलेल्या नळीतून बाहेर पंख्यापर्यंत जातो. ही पद्धत चांगली आहे, मोटर ताकदवान निवडता येते. पण दांडा आणि मोटर एका रेषेत काटेकोर यावी लागतात, ग्रीस वरचेवर भरावं लागतं, आणि ते संपलं की पाणी थेट मोटरीशी येतं. माझी पहिली होडी अशीच गेली.

पहिल्या होडीसाठी मी एकच सुचवेन: बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या १२ व्होल्टच्या छोट्या पंपाची मोटर, म्हणजे बिल्ज पंपाची. ती मुळात पाण्यात बुडून चालण्यासाठीच बनवलेली आणि सीलबंद असते. पंपाचं प्लॅस्टिकचं कवच आणि आतलं चक्र काढून टाकलं की दांडा मोकळा होतो, आणि त्यावर अडॅप्टर घालून ४० ते ६० मिलिमीटरचा पंखा बसवता येतो. अशा दोन मोटरी घ्यायच्या, प्रत्येक नळीखाली एक, मागच्या बाजूला, क्लॅम्पने आवळून. नळीला भोक नाही, ग्रीस नाही, रेष जुळवायची नाही. वायर वरून फिरवून पेटीत नेली की काम झालं.

दोन मोटरींचा खरा फायदा बिघाडात कळतो. दोन्ही सारख्या फिरल्या तर होडी सरळ जाते, डावी हळू केली की डावीकडे वळते, एक पुढे आणि एक मागे केली की जागच्या जागी फिरते. म्हणजे सुकाणू लागतच नाही. आणि एक मोटर बंद पडली तरी दुसरीवर थोडा धक्का, थोडा विसावा असं करत, वेडीवाकडी का होईना, होडी काठाला आणता येते. एका मोटरच्या होडीत ही सोय नाही.

पंखा दांड्यावर नुसत्या आट्यांनी बसवू नका. उलटं फिरवलं की तो सुटून तळाशी जातो. दांड्याची एक बाजू कानशीने थोडी सपाट करा आणि अडॅप्टरचा बारीक स्क्रू त्या सपाटीवर आवळा. उलटं फिरवायची गरज नक्की पडणार, कारण पंख्यात शेवाळ अडकलं की दोन-तीन वेळा उलट-सुलट झटके देणं हाच पहिला उपाय. शेवाळ मुळात कमी अडकावं म्हणून पंख्याभोवती प्लॅस्टिकच्या जाळीचा पिंजरा करा, साधारण एक सेंटिमीटरच्या भोकांची जाळी पुरते. तो पिंजरा गळाची दोरीही दूर ठेवतो, आणि काठाजवळ पोहणाऱ्या पक्ष्यांचे पायही. या मोटरी हवेत फार वेळ चालवू नका. त्यांचं सील पाण्यानेच थंड राहतं, घरी तपासताना दोन-तीन सेकंद पुरे.

विजेचं काम

वायरिंगला घाबरण्यासारखं काही नाही, पण क्रम पाळा. बॅटरीच्या धन टोकापासून चार बोटांच्या आत फ्यूज, मग मुख्य स्विच, तिथून दोन फाटे दोन स्पीड कंट्रोलरना (मोटरचा वेग आणि दिशा ठरवणारी छोटी पाटी), आणि प्रत्येक कंट्रोलरमधून एकेक मोटर. अशा मोटरी चालताना तीन-चार अँपिअर घेतात, तेव्हा दोन्ही मिळून १५ अँपिअरचा फ्यूज ठीक बसतो. पंखा अडकला की मोटर त्याच्या कितीतरी पट करंट ओढते. म्हणून कंट्रोलर चालू करंट पाहून घेऊ नका, निदान २० अँपिअर पेलणारा घ्या. तो ब्रश असलेल्या मोटरींसाठीचा हवा आणि उलटं फिरवणारा हवा, या दोन गोष्टी खोक्यावर वाचून घ्या.

बॅटरीसाठी माझी पसंती चार सेलच्या लिथियम आयर्न फॉस्फेटला आहे. ती १२.८ व्होल्टची असते, शिसाच्या बॅटरीच्या निम्म्याहून हलकी भरते आणि इतर लिथियम प्रकारांपेक्षा पेटण्याचा धोका तिच्यात बराच कमी. पण इथे दोन खाचखळगे आहेत. पूर्ण चार्ज होताना ही बॅटरी १४.६ व्होल्टपर्यंत जाते, आणि पुष्कळ स्वस्त कंट्रोलर फक्त तीन सेलच्या लिथियम पॉलिमरपर्यंत, म्हणजे १२.६ व्होल्टपर्यंतच पेलतात. आणि ज्यांना चार सेल चालतात, ते कधीकधी हिला लिथियम पॉलिमर समजून १२ ते १२.८ व्होल्टच्या दरम्यान 'बॅटरी संपली' असं ठरवून मोटर तोडतात. तेव्हा बॅटरीत चिक्कार जीव शिल्लक असतो, आणि होडी मात्र भर पाण्यात उभी. कंट्रोलरमधली ही तोडणी बंद करा किंवा दुसऱ्या बॅटरीच्या सेटिंगवर ठेवा, आणि बॅटरीवर स्वतःचं लक्ष ठेवा.

किती फेऱ्या होतील? ७ अँपिअर-अवरपैकी साडेपाच वापरायचे असं धरू. दोन्ही मोटरी मिळून ८ अँपिअर घेतात आणि होडी सेकंदाला ०.७ मीटर चालते. शंभर मीटर जाऊन-येऊन पाच मिनिटं, म्हणजे एका फेरीला सुमारे ०.७ अँपिअर-अवर. कागदावर आठ फेऱ्या निघतात. मी पाचव्या फेरीनंतर बॅटरी बदलतो. समोरून वारा आला की हाच हिशोब झटकन कोलमडतो.

दोन कंट्रोलर असले की आणखी एक बारकावा येतो. प्रत्येक कंट्रोलर आपल्या तीन तारांच्या प्लगमधून रिसीव्हरला, म्हणजे होडीत बसून रिमोटचे इशारे घेणाऱ्या डबीला, ५ व्होल्टची वीज पुरवतो. दोन्हींची वीज एकत्र आली तर ते एकमेकांशी भांडतात. एका प्लगमधली लाल तार काढून तिचं टोक टेपने बंद करा. रिमोट मिक्सिंगची सोय असलेला घ्या, म्हणजे एकाच काडीने पुढे-मागे आणि डावं-उजवं दोन्ही होतं. विमानाच्या पंखांसाठी असलेलं 'एलेव्हॉन' किंवा 'व्ही-टेल' मिक्सिंग इथे नेमकं चालतं.

हे सगळं एका रबरी कडेच्या, चारही बाजूंनी खटके असलेल्या डब्यात बसवा. तारा डब्याच्या कुशीतून केबल ग्लँड (तारेभोवती घट्ट आवळलं जाणारं रबरी बूच) लावून आत घ्या आणि आत जाण्याआधी प्रत्येक तारेला खाली झोळ द्या. तारेवरून ओघळणारं पाणी त्या झोळाशी टपकून जातं, डब्यात शिरत नाही. आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका.

अँटेना आणि फेलसेफ

सगळ्यात जास्त होड्या इथे गमावल्या जातात, त्यामुळे इथे घाई नको.

रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि ही लहर पाण्यातून जात नाही. होडी पाण्याला चिकटून असते. अँटेना डब्याच्या तळाशी गुंडाळून ठेवली तर घराच्या अंगणात दोनशे मीटर चालणारा रिमोट पाण्यावर साठ मीटरवर दगा देतो. रिसीव्हरच्या अँटेनाचं शेवटचं सुमारे तीन सेंटिमीटरचं उघडं टोक हाच तिचा काम करणारा भाग. ते टोक प्लॅस्टिकच्या बारीक नळीत घालून पाण्यापासून २५-३० सेंटिमीटर वर, उभं न्या. दोन अँटेना असतील तर एक उभी, एक आडवी. ते टोक कापू नका, दुमडू नका, आणि धातूच्या किंवा कार्बनच्या दांडीला बांधू नका. तुम्ही स्वतःही उभे राहा. खुर्चीत बसून रिमोट मांडीवर ठेवला की अंतर घटतं, आणि ते कळतं तेव्हा होडी पलीकडे गेलेली असते.

फेलसेफ म्हणजे रिमोटचा संपर्क तुटला की रिसीव्हरने काय करायचं याची आधीच दिलेली आज्ञा. काही रिसीव्हर मुळात 'शेवटचं जे होतं तेच चालू ठेव' असे येतात. म्हणजे संपर्क तुटताना होडी पूर्ण वेगाने पुढे जात असेल तर ती तशीच जात राहणार. दोन्ही मोटरी थांबलेल्या आणि चाऱ्याचं झाकण बंद, अशी आज्ञा भरा. मग मोटरी पाण्याच्या बादलीत बुडवून चालू करा आणि रिमोट बंद करा. एका-दोन सेकंदात मोटरी थांबल्या पाहिजेत. हे मी प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला आणि रिसीव्हरला हात लावला की पुन्हा करतो. रोजचा क्रम: आधी रिमोट चालू, मग होडी. बंद करताना आधी होडी, मग रिमोट.

चाऱ्याचं खोकं

फळीच्या मधोमध चौकोन कापून त्यात खोकं बसवा. साधारण २० बाय १५ सेंटिमीटर आणि १० सेंटिमीटर खोल असलं की तीन लिटर मावतं, म्हणजे दीड किलो चारा आरामात. खोक्याच्या भिंती खाली किंचित रुंद होत गेलेल्या ठेवा. ओला चारा फुगतो आणि सरळ भिंतींच्या खोक्यात घट्ट बसून राहतो. झाकण उघडलं तरी गठ्ठा जागचा हलत नाही.

तळाच्या झाकणाची बिजागरी पुढच्या कडेला हवी. मागे लावली तर उघडं झाकण चालत्या होडीत पाण्यात फावड्यासारखं रुततं. पुढे लावली की ते पाण्याबरोबर मागे लोळत जातं. झाकण पाण्यापासून निदान तीन-चार सेंटिमीटर वर राहील असं बघा. मागच्या कडेला दोन-तीन मिलिमीटरची स्टीलची काडी खिळीसारखी बसते, आणि धातूच्या दात्यांचा एक सर्व्हो, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर, ती मागे ओढतो. काडीला झाकणाच्या अगदी लगत, दोन्ही बाजूंना आधार द्या. नाहीतर दीड किलोच्या भाराने ती वाकते आणि सर्व्हो नुसता कुरकुरत राहतो. झाकण परत लावायची यंत्रणा करू नका. काठावर हाताने लावायचं, बिघडायला एक वस्तू कमी.

आता गळ. गळ आणि शिसं याच खोक्यात, चाऱ्याच्या वर ठेवून न्यायचं असतं, आणि तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, मागच्या भिंतीवरून बाहेर येते. नवख्यांची फसगत इथेच होते. झाकण उघडलं, शिसं खाली गेलं, पण तंगूस भिंतीच्या वरून आत येऊन तळातून खाली गेलेली! होडी आता सुईसारखी तंगूसमध्ये ओवली गेली. यावर उपाय सोपा आहे. मागच्या भिंतीला एका कडेशी वरपासून पार तळापर्यंत उभी फट कापा, पाचेक मिलिमीटर रुंद, कडा सँडपेपरने गुळगुळीत. झाकण उघडलं की तंगूस फटीतून खाली सरकून मोकळी होते. काडी भिंतीच्या मधोमध आणि फट बाजूला, म्हणजे दोघांची गाठ पडत नाही.

खोकं होडीच्या तोलाच्या मध्यावर हवं. ते फार पुढे असेल तर भरलेली होडी नाक खुपसते आणि रिकामी झाली की नाक वर करते. चाऱ्याइतक्या वजनाची ओल्या वाळूची पिशवी खोक्यात ठेवून आणि काढून बघा. बॅटरी पुढे-मागे सरकवत दोन्ही वेळा नळ्या जवळजवळ सपाट राहतील अशी जागा शोधा, आणि मग तिथे पट्ट्याने ती पक्की आवळा.

पाण्यात उतरवण्याआधी

बॅटरी आणि सगळं विजेचं सामान काढून ठेवा. डब्यात कोपऱ्याकोपऱ्यात कोरड्या टिश्यूच्या घड्या ठेवा, झाकण लावा, आणि होडी वर वजन ठेवून टबात रात्रभर राहू द्या. सकाळी घड्या एकेक करून बोटांनी चाचपा. पाणी कुठून शिरलं हे डोळ्यांनी दिसत नाही, पण कुठली घडी ओली झाली यावरून ग्लँड की रबरी कडा ते लगेच कळतं. नळ्या कानाशी धरून हलवा. बाटल्यांचा खडखड आवाज चालेल, पाण्याची खळखळ नाही.

पहिली फेरी वाळूची पिशवी घेऊन, चाऱ्याशिवाय, आणि फळीवरच्या मुठीला एक जाड तंगूस बांधून करा. वारा समोरून तुमच्याकडे येत असेल असा काठ निवडा. होडी मेली तरी वाहत तुमच्याच पायाशी येते. मी आजही नवीन जागी पहिली फेरी वाऱ्याविरुद्धच करतो.

होडी तुमच्याकडे तोंड करून येत असते तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. हे हाताच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो, त्यामुळे पहिले दोन दिवस नुसतं चालवा. डाव्या बाजूला लाल आणि उजव्या बाजूला हिरवा एलईडी लावला, मोठ्या जहाजांवर असतो तसा, तर संधिप्रकाशातही कळतं. लाल दिवा तुमच्या उजव्या हाताला दिसला म्हणजे होडी तुमच्याकडे येते आहे. फळीचा वरचा भाग भडक नारिंगी रंगवा.

प्रत्यक्ष चारा सोडताना

रील मोकळं सोडा, रॉडचं टोक वर धरा, तंगूस सैल पडू देऊ नका आणि होडीला ओढही बसू देऊ नका. जागेवर पोचल्यावर मोटरी थांबवा, होडी स्थिर होऊ द्या, आणि मग झाकण उघडा. आता लगेच मागे घेऊ नका. तंगूस दोन्ही पंख्यांच्या मधून मागे गेलेली असते. दोन-तीन मीटर हळूच पुढे जा, मग वळा, आणि तंगूसपासून चांगलं अंतर राखून, वाऱ्याने ती ज्या बाजूला फुगली आहे त्याच्या उलट बाजूने परत या. दरम्यान रॉडचं टोक पाण्याजवळ नेऊन तंगूस हलकेच ताणा, म्हणजे ती बुडते.

पहिल्यांदा अर्धा किलोच चारा सोडा. मासे खातात की नाही हे कळायच्या आधी दीड किलो ओतला तर उरलेला तळाशी कुजतो. आणि पुष्कळ तलावांवर, विशेषतः स्पर्धांमध्ये, अशा होड्यांना मनाई असते. बांधायला घेण्याआधीच तिथल्या व्यवस्थापनाला विचारून घ्या. शेजारी बसलेल्याच्या पाण्यात होडी घालायची नाही, हे नियमात नसलं तरी पाळायचं.

होडी अडकली तर पाण्यात उतरू नका. थंड पाणी आणि पाणवेली पट्टीच्या पोहणाऱ्यालाही खाली ओढतात. दुसऱ्या रॉडवर तरंगणारं जड बूच लावून होडीच्या पलीकडे फेका आणि हळूहळू ओढत तंगूस होडीवर आडवी आणा. ती अडकावी म्हणून फळीवर पुढे आणि मागे एकेक उभा, वर किंचित वाकलेला खुंटा आधीच बसवून ठेवा. माझी होडी दोनदा अशीच परत आली आहे.

खोली मोजणारा सोनार, जीपीएसवर आपोआप जागा गाठणं, हे सगळं पुढे करता येतं. आर्डूपायलटचं रोव्हर हे मुक्त सॉफ्टवेअर होड्यांनाही चालतं आणि दोन मोटरींची ही रचना त्याला तशीच मानवते. फक्त होकायंत्र मोटरी आणि जाड तारांपासून लांब, उंचावर बसवा. वायफायचा सोनार लावलात तर रिमोटची अंतर-चाचणी पुन्हा करा, कारण तोही बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतो. पण निदान एक हंगाम हातानेच चालवा.

घरी आल्यावर डब्याचं झाकण उघडं ठेवून रात्रभर सुकू द्या, बॅटरी बाहेर काढा, पिंजऱ्यातलं शेवाळ काढा आणि पंख्यामागे दांड्याला गुंडाळलेली तंगूस आहे का ते नखाने चाचपून बघा. केसाएवढा तुकडाही सीलमध्ये शिरतो आणि तिथूनच मोटरीत पाणी जायला सुरुवात होते.